चार नंबरचे आटे

३ ऑक्टोबर १९६६, सोमवार. सकाळी ११.

मालाच्या गाडीच्या इंजिनात चार नंबरचा प्लग ज्या भोकात पिळून बसतो, त्याचे आटे गेले. प्लग मीच बसवत होतो, पण तो योगायोग. आटे आधीपासूनच गेलेले असणार, कळलं फक्त आज. इंजिन गरम होतं हे खरं. पान्याला दोन फुटांचा पाइप लावला होता हेही खरं. पण चांगल्या आट्यांना पाइपाचं भय नसावं.

आता प्लग दोन बोटांनी फिरतो आणि कुठेच थांबत नाही.

मच्छिंद्र ड्रायव्हर शेजारी उभा होता. म्हणाला, मिस्त्री, कर्र वाजलं तवाच थांबायचं हुतं. मी सांगितलं, तो आवाज पाइपाचा. तो म्हणाला, पाइप रडला म्हना की मंग.

संध्याकाळी.

स्वारगेटच्या शेडमधून चालत शनिवार पेठेत गेलो. मालक आप्पासाहेब दुकानात पेपर वाचत होते. बारदानाचा धंदा, पण कपड्यांवर कधी सुतळीचा तूस दिसणार नाही. पेपर खाली न घेता म्हणाले, सहातला एक प्लग गेला, मग पाचांवर चालवा, आमच्याकडची माणसंही साधारण तेवढीच चालतात. मी म्हणालो, तिथं भोक उघडं राहतं, साहेब. तेव्हा त्यांनी पेपर खाली घेतला. म्हणाले, दसऱ्याला गाडी चालू पाहिजे, मिस्त्री. पुढचं मी बघतो.

याचा अर्थ स्पष्ट आहे. दोन महिने त्यांच्या डोक्यात डिझेल गाडी घोळते आहे. दसऱ्यानंतर साखर कारखान्यांचा हंगाम, रोज बारदानाची खेप. ही गाडी दसऱ्याला चालू दिसली की डिझेलचं खूळ जाईल आणि माझी जागा राहील. नाही दिसली, तर डिझेल येईल. डिझेलच्या इंजिनाला प्लग नसतात. प्लग नाहीत तिथं मी नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी मला दुसरं काय येतं?

वीस दिवस आहेत. काम अर्ध्या दिवसाचं.

४ ऑक्टोबर, मंगळवार.

कारणांचा शांतपणे विचार केला.

एक, ही गाडी लढाईसाठी बनवलेली, लष्कराच्या लिलावातून आलेली. ज्यांनी बनवली त्यांना ती लढाई संपेपर्यंतच टिकायला हवी होती. दोन, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, अॅल्युमिनियमचं. बिडाचं असतं तर मी काही बोललो नसतो. तीन, पानशेतच्या पुरात ही दोन दिवस पाण्यात उभी होती. पाणी आत गेलं की आटे आतून खातं. मच्छिंद्र म्हणाला, पुराला पाच वरसं झाली, पानी लई सावकाश जेवतंय. त्याच्याशी तांत्रिक बोलण्यात अर्थ नाही.

माझा निश्चय: हेड उतरवायचं नाही. हेड जागेवर ठेवून वरूनच काम करायचं. हेड उतरवलं की चोवीस नट, जुनं गॅस्केट फाटणार, नवं पुण्यात मिळणार नाही. आणि शेवटी अमीनकडे जावं लागणार.

अमीनबद्दल लिहायचं नव्हतं. लढाईच्या दिवसांत आम्ही दोघं लष्करी वर्कशॉपमध्ये एकाच बाकावर शिकलो. आता भवानी पेठेत त्याचं लेथ आहे. चार वर्षांपूर्वी आप्पासाहेबांसमोर तो म्हणाला होता, सोनबाला सगळं येतं, फक्त हात घाई करतो. आप्पासाहेब हसले होते. मी ते मनात ठेवलेलं नाही. त्या दिवशी शुक्रवार होता.

५ ऑक्टोबर, बुधवार.

एक गोष्ट ध्यानात आली. पितृपंधरवडा चालू आहे. नवं काम सुरू करता येत नाही. नवे आटे पाडणं हे नवं काम. चौदा तारखेपर्यंत थांबणं आलं. याचा मला आनंद नाही, पण नियम तो नियम.

मच्छिंद्र म्हणाला, मंग पितरपाटात पिलग काढला कशाला? मी म्हणालो, काढणं हे जुनं काम.

७ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी.

नवं काम करता येत नाही, पण जुन्या कामाला आधार देता येतो. शेडमध्ये सुतळीला तोटा नाही. प्लगला सुतळी गुंडाळली, वरून नळाला लावतात तो सफेदा लावला, घट्ट दाबून बसवला. नळाचं पाणी थांबतं, मग हवा का थांबू नये?

इंजिन साधारण दहा सेकंद उत्तम चाललं. सहाच्या सहा. असा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता. मग प्लग वर गेला. शेडच्या पत्र्याला भोक पडलं आहे. त्यातून उजेड बरा येतो.

प्लग अजून सापडलेला नाही. मच्छिंद्र म्हणतो, मांजरी गावाला तुमच्या घरी जाऊन पडला आसंल, सांजच्याला बघा.

१० ऑक्टोबर, सोमवार. मांजरी.

आज वडिलांची तिथी. खाडा केला. थोरला भाऊ गेनबा यानं सगळं केलं. पान वाढून पत्र्यावर घास ठेवला, आणि कावळा येईना. समोर उसाच्या कडेला पाच-सहा बसलेले, पण एकही उठेना. अर्धा तास गेला. ऊन तापलं. माणसं भुकेली. गेनबा म्हणाला, आबांच्या मनात कायतरी ऱ्हायलंय. मग एकेकानं बोलायला सुरुवात केली. गेनबा म्हणाला, बांध नीट घालतो. कावळा हलला नाही. चुलत्यांनी सांगितलं, देवळाला पायरी करू. नाही.

मग मला वाटलं, आबा माझ्यासाठी थांबले आहेत. मला सातवीपर्यंत शिकवून कारखान्यात घालणारे तेच. मी हात जोडून म्हणालो, आबा, चार नंबरचे आटे मी स्वतः पाडीन, हेड न काढता, कुणाचा हात न लावता.

शब्द तोंडातून पडतोय तोच कावळा आला.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. गेनबानं विचारलं, आटं म्हंजी काय? मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं. आता हे काम साधं राहिलेलं नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार.

आप्पासाहेब शेडमध्ये आले. मी गाडीसमोर बसून विचार करत होतो. म्हणाले, अहो मिस्त्री, गाडी दुरुस्त होते आहे, की आपण तिच्याकडून दीक्षा घेता आहात? मी म्हणालो, घटस्थापनेला सुरुवात. ते म्हणाले, छान, म्हणजे नऊ दिवसांत उगवेल.

पत्र्याच्या भोकाकडे बघितलं, पण विचारलं नाही. हा त्यांचा मोठेपणा.

१५ ऑक्टोबर, शनिवार. घटस्थापना. सकाळी ९.

घट बसवून आलो. आज सुरुवात आणि आजच शेवट, असा हिशेब आहे.

दुपारी २.

आटे पाडायचा चौदा मिलिमीटरचा टॅप भोकात घातला. तो कुठेच लागला नाही. विहिरीत काठी फिरवावी तसा फिरला. धातूच शिल्लक नाही. म्हणजे चूक टॅपची नाही, माझीही नाही. भोक मोठं करून अठराचे आटे पाडायचे, अठराचा प्लग बसवायचा. खरं तर हे आधीच सुचलं होतं.

१६ ऑक्टोबर, रविवार.

जुन्या बाजारातून अठराचा टॅप घेतला. दात थोडे झिजलेले आहेत. विकणारा म्हणाला, झिजलेला टॅप मऊ चालतो. अनुभवी माणूस वाटला. हा टॅप वापरल्यावर लोक परत विकायला येतात का, असं मी विचारलं. तो म्हणाला, टॅप येतो, माणूस येत नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार.

आटे पाडले. इथं एक बारीक गोष्ट लिहून ठेवतो. टॅप अर्धा फेरा पुढं घ्यायचा, पाव फेरा मागं घ्यायचा, म्हणजे चुरा तुटतो. लहानपणापासून हे माहीत आहे. पण आज प्रत्येक फेऱ्याला एक नाम घ्यायचं असं ठरवलं होतं. नाम घेत असताना हात मागं घेणं मनाला पटेना. घेतलेलं नाम परत घेतल्यासारखं. म्हणून पुढंच गेलो. एकवीस नामांपर्यंत मन इतकं स्थिर होतं की टॅप एका बाजूला झुकला आहे हे दिसलं नाही.

टॅपला ग्रीस लावतात, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून वर येतो, खाली पडत नाही. ग्रीस संपलं होतं. थोडा चुरा आत गेला असेल. इंजिन तो धुराबरोबर फेकून देतं.

प्लग बसला. जरा तिरका. मच्छिंद्र म्हणाला, मान वाकडी करून बघितला तर सरळ दिसतोय.

१८ ऑक्टोबर, मंगळवार.

तिरका प्लग शिट्टी मारतो. इंजिन चालू केलं की शेडमधले हमाल कुकर झाला म्हणतात. हे ऐकून घेतलं.

नवा विचार: बुश. भोक आणखी मोठं करून बावीस करायचं, त्यात पितळी बुश बसवायचा, बुशात मूळच्याच मापाचा, चौदाचा प्लग. बुशाला बाहेरून आटे, आतून आटे. हाच योग्य मार्ग. पहिल्या दिवसापासून माझ्या मनात हेच होतं, मधल्या गोष्टी तयारीच्या.

बुश लेथवर कातून घ्यावा लागेल. मच्छिंद्रला सांगितलं, कुठूनही आण, पण माझं नाव सांगू नको.

१९ ऑक्टोबर, बुधवार. ललिता पंचमी.

मच्छिंद्र बुश घेऊन आला. अमीनकडूनच. का, विचारलं तर म्हणाला, रस्त्यात तेवढंच लेथ हाय. पुण्यात रस्त्यात तेवढंच एक लेथ.

नाव सांगितलं नव्हतं म्हणे. पण अमीननं बुश हातात देताना निरोप दिला: सोनबाला सांग, हेड काढून बसव, कॉलर आतल्या बाजूनं.

बुश सुंदर आहे, हे मान्य करतो. आरशासारखा. पण खालच्या बाजूला त्यानं एक रुंद कडा ठेवली आहे, कॉलर म्हणतात ती. ती असेपर्यंत बुश वरून जाणारच नाही, हेड काढून खालूनच घालावा लागेल. म्हणजे डाव कळला. त्याला माझ्याकडून हेड काढून घ्यायचं आहे. आबांना शब्द दिला आहे हे त्याला माहीत नाही, पण जणू माहीत असल्यासारखा वागतो.

कानस घेऊन कॉलर घासून टाकली. दीड तास लागला. आता बुश वरून जाईल.

२० ऑक्टोबर, गुरुवार. रात्री.

झालं. गाडी सहाही प्लगांवर चालू. पाऊण तास उभी चालवली. शिट्टी नाही, धूर नाही. हमाल जमले. एकानं विचारलं, कुकर मोडला काय? मी उत्तर दिलं नाही. यशाच्या वेळी माणसानं नम्र राहावं.

उद्या आप्पासाहेबांना गाडीत बसवून शेडमधून शनिवार पेठेपर्यंत नेणार. दसऱ्याच्या दोन दिवस आधीच. घरी बायकोला, सरुबाईला, सांगितलं, जागा पक्की झाली. तिनं विचारलं, धनी म्हनलं का? म्हटलं, म्हणायची गरज नाही. ती म्हणाली, मंग तुमीच म्हनलात.

अमीनला निरोप पाठवायचा विचार होता. पाठवला नाही. दुसऱ्याला खाली दाखवण्यात मला रस नाही. परवा पाठवीन.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार.

मंडईच्या अलीकडे बुश उडाला.

आप्पासाहेब पुढं बसले होते. मच्छिंद्र चालवत होता. मी त्यांच्या दोघांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याला पाय लागू नये असा आखडून. चढावर मच्छिंद्रनं जरा जोर दिला आणि बॉनेटमधून तोफ वाजावी तसा आवाज आला. बुश प्लगसकट बॉनेटचा पत्रा फाडून गेला. भाजीवाल्या बायका टोपल्यांमागं बसल्या. आप्पासाहेबांनी टोपी सारखी केली. म्हणाले, मिस्त्री, सलामी कुणाला होती? मग उतरले आणि चालत गेले.

हमालांनी गाडी ढकलत शेडला आणली. ढकलताना एकजण म्हणाला, ही पाचावर चालत नाही आणि सहावर पळत नाही, आमच्यावर मात्र बरी चालते.

चढाचा रस्ता मीच निवडायला नको होता. सपाट रस्त्यानं नेली असती तर काही झालं नसतं. बुश सापडला, घासून परत बसवता येईल. भोक आता बावीसहून जास्त आहे. पंचवीसचा बुश करू. उद्या करता येणार नाही. उद्या खंडेनवमी, हत्यारांची पूजा. पूजेला बसलेल्या पान्याला हात लावत नाहीत. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली की दोन तासांत काम.

मच्छिंद्र म्हणाला, परवा धनी कुनाला तरी गाडी दाखवायला आननार हायत. मला वाटलं, पाहुणे असतील. दसऱ्याला माणसं सोनं द्यायला येतातच.

२२ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी.

आज मन शांत आहे. सकाळी गाडी धुतली. इंजिन रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढलं. पाने, हातोडा, कानस, टॅप पाटावर मांडले. झिजलेला टॅपही मांडला, देवासमोर दुजाभाव नको. झेंडूच्या माळा घातल्या.

गणपती कुठं बसवावा हा प्रश्न होता. पाटावर जागा उरली नाही. मग लक्षात आलं, चार नंबरचं भोक उघडं आहे, धूळ जाते आहे. त्यावर विड्याचं पान ठेवलं. पानावर गणपती म्हणून सुपारी ठेवली. पान मध्ये जरा दबलं आणि सुपारी बरोबर भोकाच्या तोंडाशी स्थिरावली, जशी जागा तिच्यासाठीच केली होती. अडचण जिथं, तिथंच विघ्नहर्ता. हळदकुंकू, अक्षता, दूर्वा. डोळे भरून आले. इतके दिवस मी आटे पाडत होतो, देवाला बोलावलंच नव्हतं.

मच्छिंद्रनं वाकून पान बघितलं. म्हणाला, मिस्त्री, पान उद्यापर्यंत सुकंल. मी म्हणालो, श्रद्धा असली की सुकत नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार. दसरा. सकाळी ८.

पान सुकलं होतं.

उत्तरपूजा करून देव हलवायचा, म्हणून अक्षता वाहून सुपारीला हात लावला. पान मधून फाटलं. सुपारी आत गेली. टप्प असा लहानसा आवाज आला. मागून अक्षता गेल्या.

सकाळी १०.

बॅटरीनं बघितलं. पिस्टन खाली आहे. सुपारी त्यावर, एका कडेला. कुंकू दिसतं. वाकवलेली तार घातली, घरंगळते. काठीला डिंक लावला, तेलात चिकटत नाही. मच्छिंद्र म्हणाला, हँडल मारू, पिस्टन वर येईल, सुपारी आपसूक तोंडाशी येईल. त्याला काही वाटत नाही. वर हेड, खाली पिस्टन, मध्ये देव. चिरडला तर? मी हँडल काढून घेतलं आणि त्यावर बसलो.

सकाळी ११.

आप्पासाहेब आले. बरोबर फलटणकडचे एक गृहस्थ, पांढरी टोपी, हातात छत्री. आप्पासाहेब म्हणाले, चालू करा. मी म्हणालो, आज चालू करता येणार नाही, साहेब. का म्हणाले. मी सांगितलं, आत गणपती आहे.

आप्पासाहेबांनी वाकून भोकात बघितलं. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, विसर्जन कधी?

पाहुणे हसले. छत्रीनं टायर ठोकून बघितले, बुधवारी परत येतो म्हणाले. इतका रस घेणारा पाहुणा मी पाहिला नाही. आप्पासाहेब जाताना म्हणाले, मिस्त्री, बुधवार. त्यांनी सोनं द्यायला हात पुढं केला नाही. माझी आपट्याची पानं खिशातच राहिली.

२४ ऑक्टोबर, सोमवार. मांजरी.

कामावर गेलो नाही. अन्न गेलं नाही. देव बाहेर काढायचा तर हेड काढलं पाहिजे. हेड काढलं तर आबांना दिलेला शब्द मोडतो. शब्द पाळला तर देव इंजिनात राहतो. दोन्हीकडून मीच दोषी. यावर कुठल्या शास्त्रात काही असेल असं वाटत नाही. शास्त्र लिहिणाऱ्यांच्या वेळी पेट्रोल नव्हतं.

दुपारी सरुबाईला सगळं सांगितलं. पंधरवड्यापासूनचं. ती ज्वारी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, मामंजींनी आटं कवा मागितलं? म्हटलं, कावळा आला ना. ती म्हणाली, तुमी बोलाया लागला तवा पोरांनी दगड मारून ढोर हाकललं उसातनं, म्हनून कावळं उठलं. समद्यांनी बघितलं. तुमी डोळं मिटलं हुतं.

मी ज्वारीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणालो, तेव्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, समदी उपाशी हुती. जेवन सुरू झालं, त्यात काय सांगायचं.

अमीनला निरोप तिनंच पाठवला. मी पाठवला नाही, याची नोंद असावी.

२५ ऑक्टोबर, मंगळवार.

अमीन सकाळी आला. केस माझ्यापेक्षा पांढरे झाले आहेत. काही विचारलं नाही. आधी साबण मागून हात धुतले, कोपरापर्यंत. मला वाटलं तेल लागू नये म्हणून. मग म्हणाला, आत काय आहे ते मच्छिंद्रनं सांगितलंय.

चोवीस नट पाऊण तासात निघाले. गॅस्केट फाटलं. त्यानं पिशवीतून नवं काढलं. कुठं मिळालं विचारलं. म्हणाला, तीन वर्षं दुकानात टांगून ठेवलंय, तुझ्या गाडीला कधीतरी लागेल म्हणून.

हेड उचललं. सुपारी पिस्टनवर पडलेली, काळी, भोवती तांदूळ आणि अॅल्युमिनियमचा चुरा. तो चुरा, जो इंजिन धुराबरोबर फेकून देणार होतं. अमीन मागं सरला. म्हणाला, तू घे. मी धोतराच्या सोग्यात घेतली. तोपर्यंत त्यानं हेडला हात लावला नाही.

मग त्यानं बाकीच्यांना बाजूला केलं आणि काम सुरू केलं. हेड ड्रिलखाली समतल ठेवून गुण्या लावून बघितलं. टॅपवर रॉकेल. अर्धा पुढं, पाव मागं. अर्धा पुढं, पाव मागं. नवा बुश कॉलरसकट, आतून बसवला. मी विचारलं, वरून बसवला असता तर? तो म्हणाला, सोनबा, धक्का आतून येतो. अडवायचं ते आतूनच अडवावं लागतं. बाहेरून कितीही घट्ट केलं तरी त्याला कळत नाही.

तो बुशाबद्दलच बोलत होता. तरी मला ते वाक्य दिवसभर सोडेना.

चार वाजता गाडी चालू झाली. आवाज सात तारखेला दहा सेकंद होता, तसा. पण थांबला नाही. चहा झाला. तो म्हणाला, पहिला फेरा हातानं फिरवायचा, पाना नंतर. मी म्हणालो, माहीत आहे. तो म्हणाला, तुला माहीत आहे हे मला माहीत आहे.

सुपारी संध्याकाळी नदीत सोडली.

२६ ऑक्टोबर, बुधवार.

मी नवं धोतर नेसून गेलो. आप्पासाहेब आणि फलटणचे पाहुणे दहाला आले. गाडी पहिल्या हँडलला उठली. पाहुण्यांनी शेडभोवती दोन फेऱ्या मारल्या. आप्पासाहेबांनी विचारलं, कुणी केलं? अमीन हिशोबाच्या चिठ्ठीसाठी आला होता. तो म्हणाला, सोनबानं सांगितलं तसं केलं. त्यानं खोटं बोलायला नको होतं. मी ते खोडून काढणार होतो, पण आप्पासाहेब आधीच पाहुण्यांकडे वळले होते. म्हणाले, मग आता न्यायला हरकत नाही.

मला वाटलं, खेप न्यायला.

मच्छिंद्रनं बाजूला घेऊन सांगितलं. गाडी विकली. फलटणचे गृहस्थ महिन्यापूर्वीच ठरले होते. दसऱ्याला चालू दाखवायची, एवढंच राहिलं होतं. मी म्हणालो, मग तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, धनी गाडी दाखवायला आननार म्हनून सांगितलं हुतं, तुमी पाहुणा म्हनून ऐकलं.

आप्पासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, अहो मिस्त्री, बंद गाडी कोण घेतं?

घरी येताना हिशेब केला. तेवीस दिवस माझी जागा टिकली, ती चार नंबरनं टिकवली. मी जितकं बिघडवलं तितकी टिकली. ज्या दिवशी काम नीट झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. हे मला आधी कळलं असतं, तर अमीनला येऊ दिलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर इथं लिहिणार नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार.

गाडी गेली. त्यांच्या ड्रायव्हरनं विचारलं, काही सांभाळायचं आहे का? मी चार नंबरकडे बोट दाखवून म्हणालो, हा कधी उघडू नका. तो म्हणाला, हाच तर सगळ्यात नवा दिसतो.

३१ ऑक्टोबर, सोमवार.

आप्पासाहेबांनी बोलावलं होतं. मी मनाशी ठरवून गेलो: नोकरी सोडतो असं आपणच आधी म्हणायचं. ते म्हणाले, मिस्त्री, वीस वर्षं झाली, तुम्हाला काढून टाकायला मी काही कंपनी नाही. उद्या डिझेल येते आहे. तिचा मेकॅनिक कंपनीचा येणार. तुम्ही रोज सकाळी तिला फूल वाहा, उदबत्ती दाखवा. तुमचा हात पूजेला चांगला आहे. पगार तोच.

मी विचार करतो म्हणालो. ते म्हणाले, विचार करू नका, सहा वाजता या.

विचार केला. स्वाभिमानी माणसानं हे घेऊ नये.

१ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.

वेळेवर पोचलो.

नवी गाडी हिरवी आहे. बॉनेट उघडून बघायचं होतं. मच्छिंद्रनं चावी खिशात ठेवली. म्हणाला, मिस्त्री, बाहिरनं वाहा, तुमच्या पाया पडतो. झेंडूचं फूल काचेवर, वायपरखाली ठेवलं. उदबत्ती बंपरच्या फटीत अडकवत होतो, तर म्हणाला, तिथं बी नको, हातात धरून दाखवा.

हातात धरून दाखवली. मग तीन पावलं मागं उभा राहिलो.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मी कशालाही हात लावला नव्हता.